‘पोटशूळ’ अशी एक नोंद : बुऱ्हाणपूर, १६२२

आपल्या मंडळाच्या हिवाळी फेरीत शाही किल्ल्यात नेहमीचाच प्रसंग घडला. हमामखान्याच्या छताखाली सगळे उभे होते, मी मुमताजबद्दल सांगत होतो. १७ जून १६३१ ला ती इथे बुऱ्हाणपुरात बाळंतपणात गेली, तापीपलीकडे जैनाबादला आहुखान्यात तिला आधी पुरलं, मग आग्र्याला नेलं, वगैरे. हे बुऱ्हाणपुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तेवढ्यात आठवी-नववीतल्या एका मुलीनं विचारलं, “काका, इथे अजून कोण कोण मेलं?”

मोठी माणसं हसली. मी मात्र जागच्या जागी बोटं मोजली. अकबराचा मुलगा दानियाल, १६०५. जहांगीरचा थोरला मुलगा खुसरो, १६२२. जहांगीरचाच दुसरा मुलगा परवेझ, १६२६. मग मुमताज, १६३१. आणि पुरंदरच्या तहामुळे आपल्या ओळखीचे झालेले मिर्झा राजा जयसिंग, १६६७. त्यांची छत्री आजही गावाबाहेर बोहरड्याला उभी आहे.

घरी परतताना एक गोष्ट लक्षात आली. मुमताज सोडली तर बाकी चौघांच्याही मृत्यूची कथा पोटाभोवती फिरते. दानियाल आणि परवेझ दारूनं गेले. जयसिंगांवर विषप्रयोग झाल्याची वदंता त्या काळापासून आहे. आणि खुसरो, कागदावर तरी, पोटशूळानं गेला.

या शेवटच्या नोंदीवर मी गेली तीन वर्षं अडून बसलोय. हा निबंध त्याबद्दल आहे. मी शिकलेला इतिहासकार नाही. सव्वीस वर्षं पाइपलाइनी, पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यात काढली, इतिहास नंतर हाती लागला. त्यामुळे माझी वाचण्याची पद्धत जरा प्लंबरची वाटेल. ती चालवून घ्या.

आधी खुसरो कोण ते सांगतो. जन्म १५८७ चा, लाहोरचा. अकबराचा लाडका नातू. अकबराच्या अखेरच्या दिवसांत दरबारातल्या काही वजनदार लोकांना बापाऐवजी हाच गादीवर हवा होता, आणि ती गोष्ट बाप विसरला नाही. जहांगीर गादीवर आल्यावर १६०६ मध्ये खुसरोनं बंड केलं, ते फसलं. नंतर त्याचे डोळे निकामी करण्यात आले. पुढे एका डोळ्याला थोडंफार दिसू लागलं असं म्हणतात. तिथून पुढचं सगळं आयुष्य नजरकैदेत गेलं. पहारेकरी बदलत राहिले आणि शेवटी तो धाकट्या भावाच्या, खुर्रमच्या ताब्यात आला. खुर्रम म्हणजेच पुढचा शाहजहान. दख्खनच्या मोहिमेवर निघताना खुर्रमनं ‘खुसरोला माझ्याबरोबर द्या’ असा आग्रह धरला आणि जहांगीरनं तो मानला. मोहिमेचं ठाणं होतं बुऱ्हाणपूर. असा हा कैदी आपल्या गावात आला.

१६२२ च्या सुरुवातीला खुर्रमचं बापाला पत्र गेलं : खुसरो ‘कुलंज’ होऊन वारला. जहांगीरच्या आत्मचरित्रात ही बातमी जेमतेम एका वाक्यात येते. थोरला मुलगा गेला, वय चौतीस, आणि बापाच्या वहीत एक वाक्य. कुलंज म्हणजे पोटशूळ, पोटात पीळ पडून उठणारी कळ.

हे वाक्य मी आधी वाचलं होतं आणि पुढे गेलो होतो. ते माझ्यासाठी जिवंत झालं ते वेगळ्या कारणानं.

तीन वर्षांपूर्वी एका रात्री माझ्या पोटात कळ आली. जेवणात काही वावगं नव्हतं. भाकरी, वांग्याचं भरीत, नंतर थोडी मावा जिलेबी. तास-दोन तासांत कळ लाटांसारखी येऊ लागली. यायची, माणसाला दुमडून टाकायची आणि ओसरायची. मग पुन्हा. उलट्या सुरू झाल्या, पोट नगाऱ्यासारखं झालं. सकाळी दवाखान्यात सर्जननं पोटावर हात ठेवला आणि नाडी, ताप वगैरे बघायच्या आधी एकच प्रश्न विचारला, “गैस पास हो रही है?”

नव्हती होत. आदल्या रात्रीपासून हवाही सरली नव्हती.

एकोणिसाव्या वर्षी माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. त्या जुन्या जखमेमुळे पोटात आत चिकटपट्टीसारखे बंध तयार झाले होते आणि त्यातल्या एकात आतड्याचं वेटोळं अडकलं होतं. नाकातून पोटात नळी, शिरेतून सलाइन, तोंडानं पाण्याचा थेंबही नाही. दोन दिवस वाट पाहून तिसऱ्या दिवशी ऑपरेशन. खाटेवर पडल्यापडल्या मी काय केलं असेल, तर आतड्याचा हिशेब मांडला. पाइपलाइनवाल्याला दुसरं काय सुचणार?

हिशेब असा. दिवसभरात आपण पाणी, चहा, वरण असं मिळून साधारण दोन लिटर द्रव पोटात घालतो. पण लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्याचा रस असे मिळून शरीर स्वतःच आणखी सुमारे सात लिटर त्यात ओततं. म्हणजे रोज नऊएक लिटरचा ओघ या नळीतून वाहतो. लहान आतडं साधारण सहा मीटर लांब. त्यात अन्नाचे तुकडे होत होत शेवटी रक्तात शिरण्याएवढे बारीक कण होतात आणि बहुतेक सगळं पाणीही शोषलं जातं. मोठ्या आतड्यापर्यंत दीडएक लिटर पोचतं. ते दीड मीटरचं आतडं उरलेलं पाणी ओढून घेतं. शेवटी शौचावाटे जे पाणी जातं ते शंभर-दोनशे मिलिलिटर. नऊ लिटर आत आणि पाव लिटरही बाहेर नाही. गळती इतकी कमी असलेली योजना मी नोकरीत एकदाही पाहिली नाही.

आणि बाहेर पडतं ते फक्त न पचलेलं अन्न असतं असंही नाही. धान्या-भाज्यांच्या साली, तंतू असतातच, पण घन भागातला मोठा हिस्सा मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचा असतो. आतड्याच्या अस्तराच्या झडलेल्या पेशी आणि पित्ताचा रंग हेही त्यात असतात. जेवण जठरातून पुढे सरकायला साधारण चार तास, लहान आतड्यात आणखी काही तास, आणि मोठ्या आतड्यात एक-दोन दिवस किंवा जास्तही. म्हणजे आज सकाळी जे बाहेर गेलं, ते काल रात्रीचं जेवण असेलच असं नाही.

हे सगळं ढकलत पुढे नेणारा पंप वेगळा बसवलेला नाही. नळीची भिंतच आकुंचन पावत पावत पुढे लाट पाठवते. पुढे वाट बंद असेल तर भिंत जोर वाढवते. ती जी लाटेलाटेनं येणारी कळ, ती या जोराची. अडथळ्याच्या मागे रस साठत जातो आणि परत रक्तात शिरत नाही, म्हणून पोट पाण्यानं भरलेलं असतानाच माणूस पाण्यावाचून सुकतो. आतडं नुसतं अडलं तर वेळ मिळतो. पण त्याला पीळ पडून रक्त तुटलं, तर काही तासांत तो भाग मरू लागतो, फुटतो, आणि विष पोटभर पसरतं. तरीही माणूस जायला साधारणपणे एक-दोन दिवस तरी लागतात, बहुधा जास्तच. आणि हे गुपचूप होत नाही. कळा, ओरडणं, उलट्या, फुगलेलं पोट, सगळं घर जागं असतं. माझ्या घरी तर शेजारचंही घर जागं होतं.

हे लक्षात घेऊन आता पुन्हा त्या एका वाक्याकडे जाऊ.

कुलंज हा शब्द मोघम नव्हता. मोठ्या आतड्याला ग्रीक वैद्य ज्या नावानं ओळखत, त्यावरूनच तो अरबी-फारसीत आला. इंग्रजीतला ‘कॉलिक’ही त्याच घरचा. युनानी हकिमांनी त्याचे प्रकार पाडले होते : कफ साचून होणारा, वायूनं होणारा, मळ सुकून अडल्यानं होणारा, सुजेचा, आणि आतडं पिळल्यानं होणारा. त्यांच्या मते पचन चार टप्प्यांत होई, आधी जठरात, मग यकृतात, मग शिरांत आणि शेवटी प्रत्येक अवयवात, आणि प्रत्येक टप्प्याचा गाळ वेगळा. पहिल्या टप्प्याचा गाळ म्हणजे मळ. आपल्याकडच्या वैद्यांचा सार आणि किट्ट हा भेदही याच वळणाचा आहे : अन्नाचा सार शरीर ठेवतं, किट्ट टाकतं.

इब्न सिनानं, म्हणजे युरोप ज्याला अविसेना म्हणतो त्यानं, कुलंजावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. आणि १०३७ मध्ये तो स्वतः हमदानला गेला तो याच दुखण्यानं. त्याच्या शिष्यानं ते आजारपण लिहून ठेवलंय. लवकर बरं व्हावं म्हणून एका दिवसात आठ वेळा बस्ती घेतली, आतड्याला जखम झाली, औषधात ओव्याच्या जातीचं बी सांगितल्यापेक्षा कितीतरी जास्त पडलं, नोकरानं अफू वाढवून घातली. एवढा तपशील आहे.

आपल्या सुश्रुतसंहितेत तर ‘बद्धगुदोदर’ म्हणून अडलेल्या आतड्याचं वर्णन आणि शस्त्रक्रियाही आहे. बेंबीखाली डाव्या बाजूला पोट उघडायचं, आतडं चार बोटं बाहेर काढून तपासायचं, अडलेला खडा, केस किंवा मळ काढायचा, मध-तूप लावून आतडं परत ठेवायचं आणि पोट शिवायचं. आतड्याला भोक पडलं असेल तर काळ्या मुंग्यांना तिथे चावायला लावून त्यांची धडं तोडायची, डोकी टाक्यासारखी तिथेच राहतात. माझे टाके निघाले त्या दिवशी मी हे सर्जनला सांगितलं. तो म्हणाला, “अच्छा हुआ आप आज बीमार पड़े.”

म्हणजे १६२२ साली बुऱ्हाणपुरात हकीम असो की वैद्य, पोटशूळ म्हणजे काय हे माहीत होतं. त्याची लक्षणं, त्याला लागणारा वेळ, उपचार, सगळ्याला शब्द होते. जठर आत नेमकं काय करतं हे मात्र तेव्हा कोणी पाहिलेलं नव्हतं. ते दिसायला आणखी दोनशे वर्षं जावी लागली. १८२२ मध्ये अमेरिकेत मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन नावाच्या माणसाला बंदुकीची गोळी लागली आणि पोटाला पडलेलं भोक बुजलंच नाही. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरनं त्यातून रेशमी दोऱ्याला बांधून मांसाचे, पावाचे तुकडे आत सोडले आणि ते विरघळताना पाहिले. १६२२ चा हकीम हे पाहू शकत नव्हता, पण रोग्याशेजारी बसून लिहू शकत होता.

लिहिलंही जात होतं. तेच आता दाखवतो.

दानियालचा मृत्यू घ्या. तो इथे बुऱ्हाणपुरात सुभेदार होता. दारू इतकी वाढली की अकबरानं खानखानान अब्दुर्रहीमला पहारा ठेवायला सांगितलं. हाच तो रहीम, दोह्यांचा आणि आपल्या कुंडी भंडाऱ्याचा. दारू आत जाणं बंद झालं. मग दानियालनं बंदूकवाल्यांना गळ घातली. त्याची एक आवडती बंदूक होती, तिला त्यानंच ‘यका-ओ-जनाजा’ असं नाव दिलं होतं : जिला हिची गोळी लागेल त्याची एकाच फटक्यात तिरडी, अशा अर्थाचं. मुर्शिद कुली नावाच्या बंदूकवाल्यानं त्याच बंदुकीच्या नळीत कडक दारू भरून आणली. नळीतल्या दारूगोळ्याच्या काजळीसकट आणि गंजासकट ती पोटात गेली, आणि तेहतिशीच्या राजपुत्राची तिरडी निघाली. हे सगळं जहांगीरनं स्वतः लिहिलंय. बंदुकीचं नाव, आणणाऱ्याचं नाव, गंज विरघळल्याचा तपशील, काही सोडलेलं नाही.

परवेझचं घ्या. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्रज वकील सर थॉमस रो बुऱ्हाणपुरात त्याला भेटला. नजराण्यात बाटल्यांची एक पेटी होती. परवेझ म्हणाला, जरा वेळानं खासगीत भेटू. रो ताटकळत बसला आणि शेवटी निरोप आला की राजपुत्र शुद्धीवर नाहीत. अकरा वर्षांनी, १६२६ मध्ये, परवेझ इथेच वारला. मुतमिद खानानं ‘इक्बालनामा-ए-जहांगिरी’त त्याचं आजारपण नोंदवलंय. आधी कुलंज. हो, तोच शब्द. मग बेशुद्धी. हकिमांनी डोक्यावर पाच ठिकाणी डागण्या दिल्या. थोडी शुद्ध आली, बोलला, पुन्हा गुंगी. कारण म्हणून अतिरेकी दारू, आणि काका मुराद आणि दानियाल यांच्याच वाटेनं गेला, असा शेरा.

आता हे तीन मृत्यू शेजारी ठेवा. एकच गाव, एकच घराणं, एकवीस वर्षांचा काळ. दानियालच्या नोंदीत काय पोटात गेलं, कुणी दिलं, कशातून दिलं ते आहे. परवेझच्या नोंदीत आजार कसा चढत गेला आणि कुणी काय केलं ते आहे. खुसरोच्या नोंदीत फक्त एक शब्द आहे. कधी दुखायला लागलं, किती दिवस दुखलं, हकीम आला का, उलट्या, डागणी, बस्ती, काही नाही. ज्या आजारात सबंध वाडा जागा राहतो, त्या आजाराची एकही रात्र नोंदीत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. मी पाइपलाइनच्या अपघातांच्या चौकशीत बसलोय. जिथे खरंच काही फुटलेलं असतं तिथला अहवाल लांबलचक आणि गोंधळाचा असतो, कारण दहा माणसांनी दहा गोष्टी पाहिलेल्या असतात. जिथे अहवाल एका शब्दाचा, तिथे मी जागा बघायला जायचो.

याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. जहांगीरचं खुसरोवर मन उरलं नव्हतं, म्हणून त्यानं थोडक्यात लिहिलं असेल. पत्र मुळात लांब असेल आणि बापानं ते आवरलं असेल. दरबारात अफू सर्रास घेत आणि अफूनं आतडं मंदावतं हे खरंच आहे. वर्षानुवर्षं बंदिस्त राहिलेल्या माणसाला खरोखर पोटशूळ होऊच शकत नाही, असं मी म्हणणार नाही. माझं स्वतःचं पोट त्याविरुद्ध साक्ष देईल.

पण नोंदीबाहेरचे साक्षीदारही आहेत. त्या काळातले युरोपीय लोक, विशेषतः डच वृत्तांत, सांगतात की खुर्रम शिकारीच्या निमित्तानं गावाबाहेर गेला असताना रझा नावाच्या माणसानं रात्री खुसरोच्या खोलीत शिरून त्याचा गळा आवळला. शाहजहानचाच इतिहास लिहिणारा मुहम्मद सालिह कंबू हा मृत्यू मुकाट्यानं आजाराच्या खात्यावर टाकत नाही, राज्यासाठी केलेली गोष्ट म्हणून तिचं समर्थन करतो. बाप आजारी होता, गादीचा प्रश्न जवळ आला होता आणि थोरला भाऊ हाताशी होता. पुढे १६२८ मध्ये शाहजहान गादीवर बसताना खुसरोचा मुलगा दावर बख्श आणि दानियालचे मुलगे मारले गेले, हे तर कुणी लपवलंही नाही. बहुतेक इतिहासकार आज खुसरोचा खूनच झाला असं मानतात. मीही त्यांच्यात आहे.

खुसरोला आधी इथेच पुरलं. नंतर देह उकरून उत्तरेला नेला. अलाहाबादच्या खुसरोबागेत तो आईजवळ आहे. ती आईही, बाप आणि लेकाच्या भांडणाला कंटाळून, अफू खाऊन गेली होती. जहांगीरनं ते मात्र लिहिलंय, मोठ्या दुःखानं लिहिलंय.

इथे निबंध संपवता आला असता. पण हा विषय मी का सोडला नाही ते सांगायला हवं, नाहीतर मांडणी अर्धी राहील.

आमचं मूळ घर रावेरच्या बाजूचं. माझ्या आजोबांना एक धाकटी बहीण होती. आमच्या वंशावळीत तिच्यापुढे ‘अल्पायुषी, पोटशूळ’ असं लिहिलंय. लग्नानंतर दोन वर्षांत गेली. सासरहून पोस्टकार्ड आलं होतं, चार ओळींचं : रात्री पोटशूळ उठला, वैद्य बोलवेपर्यंत आटोपलं, इकडेच सगळं केलं, येण्याची तसदी घेऊ नये. ते कार्ड माझ्या वडिलांनी पाहिलं होतं. आमच्या घरात ती गोष्ट एवढीच होती आणि कुणी तिच्यावर बोलत नसे.

मी दवाखान्यातून घरी आलो तेव्हा माझी आत्या भेटायला आली. तेव्हा ती ऐंशीच्या पुढे होती. किती दिवस दुखत होतं, काय काय झालं, सगळं तिनं बारकाईनं विचारलं. मी सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “एवढं होतं होय रे? दोन दोन दिवस?” मी म्हटलं, हो. ती म्हणाली, “मग आमच्या आत्याला एका रात्रीत कसं झालं?”

आणि मग तिनं तिच्या आईकडून ऐकलेलं सांगितलं. त्या वर्षी आखाजीला ती माहेरी आली होती. निंबाच्या झाडाला झोका बांधला होता, त्यावर दिवसभर असायची. खापरावरचे मांडे केले होते, ते आमरसाशी भरपूर खाल्ले. काही दुखत-खुपत नव्हतं. फक्त परत जायचं म्हटलं की चुलीमागे जाऊन बसायची. चौथ्या दिवशी तिला बैलगाडीत बसवून पोचवलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी कार्ड आलं.

“विहीर की काय ते देव जाणे,” आत्या म्हणाली. “पण पोट नव्हतं.”

काय झालं असेल ते मला माहीत नाही आणि आता कळणारही नाही. तिनं स्वतः काही केलं असेल, कुणी काही केलं असेल, किंवा खरंच आतडं पिळलं असेल. पण कार्डाची मांडणी मला ओळखीची वाटली. ज्याच्या ताब्यात माणूस होता त्यानंच लिहिलेलं पत्र. आजाराचं नाव एका शब्दात. कुणी पाहिलं ते नाही. आणि पुढचं सगळं उरकून टाकलेलं. बुऱ्हाणपूरहून जहांगीरला गेलेलं पत्र आणि आमच्या घरी आलेलं कार्ड यांच्यात तीन शतकांचं अंतर आहे, पण दोन्हींचा कारकून एकच असावा असं वाटतं.

पोटशूळ हा शब्द या कामाला इतका सोयीचा का, याचाही मी विचार केला. ताप दिसतो, देवी अंगावर दिसतात, पटकी आली तर गल्लीत अनेकांना होते. पोटाच्या आतलं कुणालाच दिसत नाही. दुखतंय म्हणणारा गेला की पुरावाही गेला. आणि पोट प्रत्येकाचंच कधी ना कधी दुखलेलं असतं, म्हणून कुणी उलट विचारत नाही.

आपल्या मंडळाच्या कामाशी याचा थेट संबंध आहे. इंग्रजी अमलात बुऱ्हाणपूर मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यात होतं. गावोगावचे कोटवार जन्म-मृत्यू सांगत आणि त्यावरून तक्ते भरले जात. त्या तक्त्यांत मृत्यूची मोजकीच खाती असत : पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, इजा आणि इतर. ‘पोटाचे विकार’ या खात्यात बहुतेक मृत्यू खरेच हगवण-आमांशाचे असणार. गढूळ पाणी पिणाऱ्या गावांत दुसरं काय होणार? त्या लेकरांचे मृत्यू खोटे ठरवायचे नाहीत. पण त्याच खात्यात आणखी कोण कोण ढकललं गेलं, हे तक्ता सांगत नाही.

म्हणून माझी सूचना आहे. जुनी पत्रं, वंशावळी, नोंदवह्या तपासताना ‘पोटशूळ’, ‘पोटदुखी’, ‘कळ येऊन’ असे शब्द आले, तर चार गोष्टी शेजारी लिहाव्यात. नोंद कुणी केली? मेलेला माणूस तेव्हा कुणाच्या ताब्यात होता? दुखणं किती वेळ चाललं? ते पाहणारा दुसरा कुणी आहे का? चारही उत्तरं मिळणार नाहीत, पण कोणतं मिळत नाही हेही लिहावं. कुणाच्या घरी अशी कार्डं असतील तर मंडळात आणून दाखवावीत. नावं झाकून ठेवू.

सुरुवात मी माझ्यापासून केली आहे. आपण बुऱ्हाणपुरात वारलेल्या व्यक्तींची जी यादी करतोय, तिच्यात खुसरोपुढे ‘पोटशूळ’ लिहिलं होतं. ते बदलून मी ‘भावाच्या पत्रात पोटशूळ असे कळवले’ असं केलं आहे. आणि घरच्या वंशावळीत आजोबांच्या बहिणीपुढे ‘सासरच्या कार्डात पोटशूळ असे कळवले, चार दिवस आखाजीला माहेरी होती, तेव्हा प्रकृती ठीक’ असं लिहिलं आहे. जागा कमी होती म्हणून समासात लिहावं लागलं.